काठीचा हप्ता

"आधी कधी घराच्या विम्याचा क्लेम घेतलाईस का?" फॉर्म भरता भरता सलमानं विचारलं, आणि प्रियदर्शनीनं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

नव्या फ्लॅटमध्ये खुर्च्या अजून यायच्या होत्या, म्हणून दोघी फरशीवरच बसल्या होत्या. सलमा शाळेपासूनची मैत्रीण, आता विम्याची एजंट. दारावर प्रियदर्शनीच्या एकटीच्या नावाची पाटी लागली होती आणि विमाही तसाच हवा, हा तिचा हट्ट होता. गेल्याच महिन्यात काडीमोड झाला. भांडी वाटली, सोनं वाटलं, कुंड्यासुद्धा वाटल्या. विजयसिंहाशी आता कसलाही संबंध उरू द्यायचा नाही, असं तिनं मनाशी घट्ट ठरवलं होतं.

"घेतलाय," ती म्हणाली. "पण तो त्यांचा."

ती गोष्ट सलमालाच काय, अख्ख्या गडमुडशिंगी गावाला ठाऊक होती. विजयसिंहाच्या घराकडं जोतिबाच्या सासनकाठीचा मान. यात्रेला निघेपर्यंत काठी खुंट्यांवर आडवी ठेवायची, ही घरची रीत. या गड्यानं दोन वर्षांपूर्वी ती गच्चीवर उभी केली. का, तर साऱ्या गावाला दिसावी! बायको सांगत होती, वारं सुटलंय, आडवी ठेवा. पण ऐकतोय कोण? मानकरी ना ते! वावटळ आली आणि तो भलामोठा बांबू निशाणासकट सोलरच्या टाकीवर कोसळला. टाकी फुटली, पाणी जिन्यावरनं घरात, छताचं पीओपी सोफ्यावर. कंपनीनं पैसे दिले, गावानं हसून घेतलं. प्रकरण तिथंच मिटलं असं प्रियदर्शनीला वाटलं होतं.

सलमानं हळू आवाजात समजावलं. पॉलिसी दोघांच्या नावावर, म्हणजे क्लेमही दोघांच्या नावावर. चूक कुणाची हे कंपनी विचारत नाही. क्लेम न घेणाऱ्याला हप्त्यात सूट मिळते, ती आणखी काही वर्षं तरी हिला मिळायची नाही. आणि लपवण्यात शहाणपण नाही, उद्या खरंच काही झालं तर कंपनी हात वर करील.

हा बरा न्याय! काठी त्याची, हौस त्याची, आणि भुर्दंड हिला. चोर सोडून संन्याशाला फाशी. प्रियदर्शनीचे डोळे भरून आले. पैशाचं तिला फारसं काही नव्हतं. एवढं सगळं सोसून बाहेर पडले, तरी हा माणूस माझ्या नव्या घरात शिरलाच, याचं तिला रडू येत होतं.

"त्यांचाबी हप्ता वाढलाय का?" तिनं पदरानं डोळे पुसत विचारलं.

"व्हय की. तुझ्यासारखाच."

तिला जरा बरं वाटलं. मग बरं वाटलं याचंच वाईट वाटलं.

"पर हितनं पुढं तू मोकळी हाईस," सलमा म्हणाली. "आता त्यांनी घरावर आभाळ पाडून घेतलं तरी तुझ्या हप्त्याला फरक पडत न्हाय."

प्रियदर्शनीनं मान हलवली. जुन्या क्लेमची खरी माहिती सांगितली, सही केली, आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

तेवढ्यात बाल्कनीचं दार धाडकन आपटलं. चैत्र लागला होता, जोतिबाची यात्रा तोंडावर आली होती, आणि बाहेर चांगलंच वारं सुटलं होतं.

ती उठली, दाराला कडी घातली, आणि तिथंच उभी राहून तिनं फोन लावला.

"अहो," ती म्हणाली, "काठी आडवी ठेवा."