बातमीतला फेर्मीन

तीन वाजले तसा कुर्रोने आपल्या बारमधल्या टीव्हीचा आवाज वाढवला. आज बातम्यांत फेर्मीन दिसणार होता. स्पेनमधल्या कादिझच्या त्या गल्लीतली निम्मी माणसं काउंटरला येऊन चिकटली होती.

फेर्मीन वेल्डर. वय चौपन्न. गोदीतून काढल्याला दोन वर्षं झाली. परवा टीव्हीवाली मुलगी आली, तेव्हा इस्त्रीचा सदरा घालून तो तिच्याशी वीस मिनिटं बोलला. कुठे कुठे अर्ज केले, किती जोडे झिजवले, पाण्याखालचं वेल्डिंगसुद्धा येतं, सगळं सांगितलं. एखादा मालक बघत असेल तर बोलावेल, एवढीच आशा. निघताना ती म्हणाली, "काका, जरा त्या कठड्यावर बसा ना, समुद्राकडे बघत. नुसतं चित्र घ्यायचंय."

"काय हिरो, नोकरी लागली की कोळंबीची भजी तुझ्याकडून!" कुर्रो ओरडला. सगळे हसले. फेर्मीन सगळ्यांत जास्त हसला.

बातमी लागली. बेकारीचा आकडा घटला होता. निवेदिका खुशीत होती. मग पडद्यावर फेर्मीन आला, कठड्यावर बसलेला, पाठमोरा. वरून तिचा गोड आवाज: "तज्ज्ञांच्या मते, पन्नाशी उलटलेल्या अनेकांनी काम शोधणंच सोडून दिलंय. त्यामुळे ते आता बेकारांत मोजले जात नाहीत."

सहा सेकंद. लगेच फुटबॉल.

"मी कुठे सोडलंय?" फेर्मीन म्हणाला. "आज सकाळीच दोन ठिकाणी जाऊन आलो की रे!"

कुर्रो खाली मान घालून ग्लास पुसत राहिला. मेल्यांनो, कुणीतरी बोला की! पण बाकीचे फुटबॉल बघू लागले.

कोपऱ्यातून फेर्मीनची आई उठली. मिलाग्रोस, ब्याऐंशी वर्षांची. टीव्हीत सांगतात ते खरंच असतं, असं मानणारी. काठी टेकत आली आणि त्याच्या गालावरून हात फिरवू लागली.

"बरं केलंस रे राजा. मला सांगायची लाज वाटली होय? अरे, रोज वाटायचं, किती धावणार माझं पोर! पण थांब म्हणायचा धीर होत नव्हता. आता पुरे. माझ्या पेन्शनीत भागेल दोघांचं."

नाही गं, असं काही नाही, म्हणायला त्याने तोंड उघडलं. दोन वर्षांत त्याला इतक्या मायेने कुणी पुरे म्हटलं नव्हतं.

"हो आई," तो म्हणाला. "दमलो गं."