चढलेला पारा

"अडतीस," निरीक्षक स्वतःशीच पुटपुटला. त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अडतीसच.

काल दिवसभर अंगातला स्वेटर उतरला नव्हता. भर दुपारी पेटीतल्या साध्या थर्मामीटरने सोळा अंश सेल्सिअस दाखवले होते आणि ते त्याने स्वतः वाचले होते. पण शेजारची आडवी नळी सांगत होती, की काल केव्हातरी अडतीस झाले. कमाल तापमानाची ही नळी, पारा एकदा चढला की तिथेच अडून बसतो. रोज सकाळी वाचायचा आणि झटकून खाली आणायचा, एवढंच काम.

त्याने नळी झटकून जागेवर ठेवली आणि पांढऱ्या झडपांच्या पेटीचं दार लावलं. खिंडीतल्या या हवामान केंद्रावर माणसं दोनच, तो आणि त्याची बायको. आकड्यांवर भरवसा राहिला नाही तर केंद्र बंद करू, असं मुख्य कचेरीने आधीच बजावलं होतं. मग उरलेली नोकरी फायलींच्या ढिगाऱ्यात.

बायकोने चहा पुढे ठेवला. "काल किती होता?"

हल्ली ती रोज विचारायची. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला त्याच्या पाऱ्याचं पहिल्यांदाच कौतुक वाटू लागलं होतं, आणि नेमका आत्ताच तो पारा दगा देत होता.

"अडतीस."

"म्हणजे परवापेक्षा जास्त."

"तू नको काळजी करूस. मी बघतो."

"तुम्हीच जिवाला लावून घेताय," शाल आवळून घेत ती म्हणाली. "जेवण कमी झालंय तुमचं. होईल सगळं ठीक."

निरीक्षकाला भरून आलं. बायको असावी तर अशी.

थंडीच्या सुरुवातीला तो किती मजेत होता! सामान आणायला खाली निघाला, तेव्हा घरातला थर्मामीटर फुटलाय, नवा आणा, असं ती म्हणाली होती. "अगं, दारात चार-चार असताना पाचवा कशाला? त्यातलाच घे की एखादा!" म्हणून तो आपल्याच विनोदावर खो खो हसला होता. त्याचे विनोद तिच्यापर्यंत कधी पोचतच नसत. तिने नुसती मान हलवली होती. हल्ली त्यालाही विनोद सुचत नव्हते.

पुढच्या सकाळी पारा एकोणचाळीसवर होता. त्याने मुख्य कचेरीला फोन लावला.

"तपासायला माणूस पाठवतायत," त्याने घरात येऊन सांगितलं.

तिचा चेहरा उजळला. "पाठवतायत? इतक्या वर? कधी?"

"गुरुवारी."

"तुम्ही म्हणून एवढं केलंत हो," ती म्हणाली आणि तिने डोळे टिपले. एवढ्याशा फोनचं एवढं काय, हे त्याला कळलं नाही. पण बरं वाटलं.

गुरुवारी ती केस विंचरून, बरे कपडे घालून बाहेरच्या खोलीत बसून राहिली. साहेब आले, नमस्कार करून तडक कचेरीत गेले आणि जुन्या नोंदी चाळू लागले.

"मला काहीच विचारलं नाही त्यांनी," जेवण वाढताना ती हळूच म्हणाली.

"तुला काय विचारणार? आकडे बघितले की त्यांना सगळं कळतं."

"तेही खरंच," ती म्हणाली.

जेवून साहेब जरा आडवे झाले. निरीक्षकाचाही खुर्चीत डोळा लागला. ऊन कललं तेव्हा दोघे पेटीपाशी गेले. साहेबांनी कमाल नळी बाहेर काढली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. पारा चाळीसला टेकला होता. वारा तर कान कापत होता.

"याला कोणी हात लावतं का?"

"छे! माझ्याशिवाय इथे आहे कोण? बायको आहे, पण ती बिचारी पेटीच्या वाटेलाही जात नाही."

साहेबांनी नळी कोमट पाण्यात धरून आपल्या नळीशी ताडून पाहिली. तसूभर फरक नव्हता.

"नळी निर्दोष आहे," ते रुक्षपणे म्हणाले. "म्हणजे खोट माणसात आहे. ही मी घेऊन जातो. नवी बसवतो आणि पेटीला कुलूप लावतो. उद्या हीसुद्धा असलंच काही बोलली, तर सामान बांधायला लागा."

त्यांची जीप गेली. बायको आतल्या खोलीत पडून होती. तिला उठवायला नको, म्हणून निरीक्षक नेहमीसारखा कचेरीतल्या खाटेवर झोपला. थंडीभर तो तिथेच झोपे, पहाटेच्या नोंदीला उठताना तिची झोपमोड नको म्हणून. झोपला म्हणजे काय, तळमळला.

उजाडताच त्याने कुलूप काढलं.

बारा. काल संध्याकाळी होतं तेवढंच, अगदी बरोबर.

तो धावतच घरात शिरला. चूल थंड होती, चहा झाला नव्हता. बायको अजून अंथरुणातच होती, हनुवटीपर्यंत पांघरूण ओढून.

"काल किती होता?" तिने क्षीण आवाजात विचारलं.

"उतरला! अगदी हवा तेवढा! टळलं संकट!" कितीतरी दिवसांनी तो मोकळेपणी हसला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिचा त्याच्यावर फार विश्वास होता.

"तुम्ही वाचलात म्हणजे उतरलाच असेल," ती म्हणाली. "पण मग अहो, माझं अंग अजून असं का भाजतंय?"