दुपारचा गार माल

ठिपका थांबला. पडद्याभोवती वाकलेली तीन डोकी एकदम पुढे सरकली.

डावीकडे तिचे वडील, डांबराच्या प्लँटचे प्रमुख. उजवीकडे तिचा नवरा, तोच माल हायवेवर अंथरून घेणारा. मधे आठव्या महिन्याचं पोट सांभाळत ती, याच साइटच्या ऑफिसात काम करणारी. ट्रक कुठे आहे आणि त्यातला माल किती गरम आहे, ते पडद्यावर दाखवणारं हे यंत्र प्रत्येक ट्रकवर तिनंच बसवायला लावलं होतं.

रोज दुपारचा एक ट्रक गार यायचा. गार माल रोलरखाली नीट दबत नाही, म्हणून नवरा तो परत पाठवायचा. प्लँटवर धड तापवतच नाहीत, हे त्याचं म्हणणं. आमच्याकडून वाफाळत निघतो, साइटवर ताटकळत ठेवतात, हे वडिलांचं. शब्दाला शब्द वाढला आणि बोलणंच बंद झालं. नवरा सासुरवाडीची पायरी चढेना. तिला तर बाळंतपणाला माहेरीच जायचं होतं. त्यात कंपनीच्या मोठ्या साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं, दोघांपैकी जो खोटं बोलतोय तो घरी बसेल. बाळाचे आजोबा की बाळाचा बाप, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

तिनं यंत्राचा हट्ट धरला तेव्हा मात्र सासरे-जावयांचं चक्क एकमत झालं. मालाचा अंदाज वाफेवरून येतो, त्याला हे डबडं कशाला, असं म्हणून दोघांनीही नाकं मुरडली.

आज ट्रक निघाला तेव्हा पडद्यावर तापमान अगदी चोख होतं. वडिलांनी ऐटीत घसा साफ केला. मग अर्ध्या वाटेत ठिपका थांबला तो थांबलाच. आकडा उतरू लागला, आणि साइट तर अजून कितीतरी लांब होती. आता घसा साफ करायची पाळी नवऱ्याची होती.

तिचे डोळे भरून आले. आपापल्यापुरतं दोघंही पहिल्यापासून खरंच बोलत होते. तिला उठून नाचावंसं वाटलं, पण पोटानं परवानगी दिली नाही.

"जावईबापू," वडील म्हणाले, "चुकलं माझं."

नवऱ्यानं खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मीही काही कमी बोललो नाही, असं काहीसं तो पुटपुटला.

मग दोघांनी मिळून ड्रायव्हरचा उद्धार सुरू केला. पठ्ठ्या कुठे झोपा काढतो ते बघूच, म्हणत नवऱ्यानं नकाशा मोठा करून तिथले रस्त्याचे फोटो उघडले. गल्ली दिसली. पाण्याची टाकी दिसली. शेवटी एक हिरवं फाटक दिसलं. ते फाटक वडिलांनी स्वतःच्या हातानं रंगवलेलं होतं.

तिनं आईला फोन लावला. हो, ट्रक दारातच उभा आहे, आई सहज म्हणाली, ड्रायव्हर पायरीवर बसून जेवतोय. शिपाई रोज टेबलावर आणून ठेवतो तो आईचा डबा साइटपर्यंत येतो कसा, हे तिनं आजवर कधी विचारलंच नव्हतं.

"तुला गरम गरम मिळावं म्हणून थांबवून घेते गं त्याला," आई सांगत होती. "हल्ली जरा जास्तच ताटकळतो बिचारा. पण त्या दोघांच्या भांडणापायी तुझं तोंड उतरलंय ना, म्हणून मी रोज एक पदार्थ जास्तीचा करते."