कोरा चौकोन

यंत्रमागांच्या त्या खडखडाटात हाक मारून उपयोग काय? कारखान्यात सगळे एकमेकांचे ओठ वाचत. आवाज मोजायला आलेल्या बाईलाही चार दिवसांत ती सवय लागली होती.

जमिनीवर चौकोन आखून ती प्रत्येक चौकोनातल्या आवाजाचा आकडा नकाशात भरत होती. एकच चौकोन उरला, तेव्हा मुकादमाने तिला दाराबाहेर नेलं.

"बाई, खांबाजवळचा तेवढा सोडा. आधीच्यांनीही कोराच ठेवलाय."

"ठेवला असेल. मला अर्धवट काम चालत नाही." ती तडक आत गेली आणि त्या चौकोनात उभी राहिली.

आवाज थांबला. माग चालूच होते, पण कानावर काही येत नव्हतं. हातातल्या मीटरचा आकडा सरसर उतरला. तरी आकडा स्थिरावेपर्यंत हलायचं नाही, असं तिने ठरवलं.

"ठमे! ए ठमे!" मागून हाक आली.

तिला या नावाने हाक मारणारी आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

समोरून मुकादम जिवाच्या आकांताने हात हलवत होता. त्याचे ओठ तिने वाचले: ओ देऊ नका!

तिने ओठ घट्ट मिटले आणि आकडा लिहिला.

तेवढ्यात तिच्या पाठीमागून, थेट तिच्याच आवाजात, कुणीतरी ओ दिली. "आले गं आई!"

मुकादमाचा चेहरा निवळला. "सुटलात! झालं ना काम, बाई?" त्याचे ओठ म्हणाले.

पण तो तिच्याकडे बघत नव्हता. दाराकडे निघालेल्या कुणाकडे तरी बघत होता.