कोपरानं जोखलेलं पाणी

ठकू सुईणीनं नदीत कोपर बुडवलं. बाळाच्या अंघोळीचं पाणी ती असंच जोखायची.

"काठची झाडं तोडलीत, पाणी कोमट झालं. आता समुद्रातली भिंग मासळी इथं अंडी घालायला येईलच कशाला?"

मग तोंडाचा पट्टा चालवत तिनं अख्ख्या गावाकडून उघड्याबोडक्या काठावर करंज लावून घेतले.

सात वर्षांनी त्याच करंजांच्या सावलीत नवऱ्यानं जाळं ओढलं आणि तो नाचायलाच लागला. "भिंग आली गं! जीभ नुसती आसुसली होती माझी."

ठकूनं मासळीच्या पोटावरून हात फिरवला. अंड्यांची गाभोळी गच्च भरलेली होती. तिनं पुन्हा कोपर बुडवलं. अंगावर गार शहारा आला. हसत तिनं मासळी अलगद सोडून दिली.

"अगं, काय केलंस हे?"

"बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला कुणी तव्यावर टाकतं का?"