ठाय लयीतलं गाणं

गद्रे मॅडमनी पेटीचा भाता दोनदा हलवून पाहिला आणि रूपेशने त्यांना ओळखलं. गद्रे मॅडम म्हणजे कॉलेजातली अरुंधती. गाण्याच्या क्लासातल्या मॅडमना बोलवायला केतनला पाठवताना त्याने आडनावावर भागवलं होतं, नाव विचारायचं सुचलं नव्हतं.

मिरची गल्लीत केतनच्या वडिलांचं गोदाम होतं. रविवारी दुपारी तिथे ‘बोंबाबोंब’ बँडची प्रॅक्टिस चाले. रूपेश गिटार वाजवायचा आणि गायचा, अंकुश बेसवर, केतन ड्रमवर. चार वर्षांपूर्वी, केबलवर गोरी पोरं उड्या मारत गिटार बडवताना दिसली आणि बँड निघाला. पनवेलच्या गॅदरिंगांमध्ये त्याने नावाप्रमाणे बोंबाबोंब केली. आता रूपेश तळोज्याच्या कंपनीत शिफ्ट करत होता आणि त्याला आरडाओरड्याचा वीट आला होता. गिटार हळू हवी, जोडीला पेटी हवी, शब्द ऐकू यायला हवेत, असं तो महिनाभर दोघांचं डोकं खात होता. शब्द ऐकू यायला हवेत म्हणे.

“मॅडम, नव्या गाण्याआधी आमचं हिट गाणं घेऊ,” केतन म्हणाला. तो वर्षापूर्वीच बँडमध्ये आला होता, आधीचं त्याला काही ठाऊक नव्हतं. “‘पाच पंचविसाची एस.टी.’ तेच स्लो केलं तर काय भारी वाटेल.”

“ते नको,” रूपेश घाईघाईने म्हणाला. “जुनं झालं ते.”

“असू दे की. मला येतं ते,” अरुंधती म्हणाली. “कोणी लिहिलंय?”

अंकुशनेही तिला ओळखलं होतं. तो बेसची तार पिळत खालच्या मानेने म्हणाला, “यानी लिवलंय. मी नुसता वाजवतो.”

तिने चाल धरली. ठाय लयीत, म्हणजे अगदी सावकाश, एकेका सुरावर थांबत. दोन मिनिटांत धावत सुटणारं ते गाणं इतकं सुंदर असेल असं रूपेशला कधी वाटलं नव्हतं. महिनाभर शोधत होता तो आवाज हाच होता. तेवढ्यातही तो आपल्याला आवडतोय, याची त्याला लाज वाटली.

“म्हणा,” ती म्हणाली.

उठून जावं, तर दार तिच्या पाठीशी. तो म्हणू लागला.

“पाच पंचविसाची एस.टी., खिडकीपाशी अरुंधती…”

तिच्याशी तो जन्मात एक शब्द बोलला नव्हता. ती कॉलेजातून निघून उरणच्या गाडीत बसायची, एवढीच माहिती. गॅदरिंगला या गाण्यावर सहाशे पोरांनी बाकं बडवली होती. पुढे ती कॉलेजात दिसेनाशी झाली, तेव्हा लग्न झालं असेल, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं. कोणाला विचारलं नाही, कारण कोणी भलतंच सांगितलं असतं तर?

तो थांबला. पेटी थांबली नाही.

“पुढची ओळ राहिली.”

“मॅडम, राहू द्या.”

“इतक्या वेळा म्हटलीत, आज काय झालं?”

रूपेशने अंकुशकडे पाहिलं. अंकुश तारेत डोकं घालून बसला होता. ना ड्रम, ना शिट्ट्या. गोदामात त्याचाच आवाज उमटला, शब्द न् शब्द सुटा.

“विचारून बघा कुणीही, नाही म्हणत नाही ती.”

केतनच्या हातातल्या काठ्या मांडीवर आल्या. वर्षभर तो या ओळीवर जीव तोडून ड्रम बडवत होता.

“असं आहे होय ते?” तो म्हणाला. “अरे, ही कोणी खरी मुलगी होती का?”

“एस.टी.ला जुळणारं नाव हवं होतं,” रूपेश म्हणाला.

हे अगदी खरं होतं. खोटं बोलला असता तर निदान अब्रू थोडी झाकली गेली असती. कान तापले होते, आणि जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

“लोक विचारायचे,” अरुंधती म्हणाली. आवाज चढवला नाही, भाताही थांबवला नाही. “स्टँडवर विचारायचे, गाडीत विचारायचे. एकदा वडील शेजारी बसले होते, तेव्हाही विचारलं. दुसऱ्या दिवसापासून माझं कॉलेज बंद.”

केतन एकदम उभा राहिला आणि मग कुठे जायचं ते न कळून परत बसला.

“मॅडम, मी…” रूपेशला पुढचं जुळेना. माफी मागायची तर ती कशाची आणि कुठून सुरू करायची?

मग तिने पदर सारखा केला.

“चला, नवीन गाणं घ्या. आधी शब्द वाचून दाखवा, मग मी सूर देते.”

रूपेशने खिशातला कागद काढला, उलगडला, आणि शब्दाशब्दावर बोट ठेवत आधी स्वतःशीच वाचू लागला.