रिनाच्या नाचाला बाबा उठले

रिनाच्या नाचावर शिट्ट्या नुसत्या कोसळत होत्या आणि उर्वशी विंगेत उभी राहून आपल्या लुगड्याचा पदर चावत होती.

लेहेंगा म्हणे नागपूरवरून आणला. गिरकी घेतली की टिकल्या चमकत, टिकल्या चमकल्या की मागची पोरं बोंबलत. पहिल्या रांगेत रिनाचे वडील, मोबाईलच्या दुकानवाले अजयभाऊ, चक्क खुर्चीवर चढले होते. दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होते. स्वतःच्या पोरीसाठी! उर्वशीला ते ओंगळ वाटलं. आणि हवंहवंसंही वाटलं.

"जळून राह्यली काय वं?" चंचलनं कोपर मारलं. ती पुढच्या नाटकात राजा होती. मिशी अर्धी लोंबत होती.

"जळते माही चप्पल."

पण जळत होती. चांगली धडधडून.

आत्ताच, रिनाच्या आधी, तिचं एकपात्री झालं होतं. तिनं स्वतः लिहिलेलं. जंगलात बिडीचा तेंदूपत्ता तोडायला दोघी जातात, एकीला वाघ नेतो, आणि दुसरी दोघींचे भारे डोक्यावर घेऊन एकटीच गावात परत येते. थंडीभर तिनं ते आरशासमोर घोकलं होतं. तोंडाला खरी काजळी फासली होती. आणि झालं काय? अख्खी टॉकीज चिडीचूप. एक शिट्टी नाही, एक 'वा' नाही. शेवटचं वाक्य बोलून ती थांबली, तरी चूप. शेवटी सरांनीच घाईघाईनं माईक ओढला, "आणि यानंतर, नृत्य!" म्हणाले, आणि टिकल्यांची ही बया धावत आली.

लोकांचं एक वेळ जाऊ द्या. बाबांचं काय?

बाबा याच टॉकीजचे ऑपरेटर. भद्रावतीत पिच्चर लागला की तो धनराजभाऊंनीच दाखवायचा. रिळं होती तेव्हाही तेच, आता पिच्चर कॉम्प्युटरच्या पेटीतून येतो तरी तेच. शाळेचं गॅदरिंग दरवर्षी संध्याकाळी पटांगणात, आणि संध्याकाळी बाबा वरच्या कॅबिनमध्ये मशीनजवळ. त्यामुळे पोरीला स्टेजवर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. यंदा पटांगणात बांधकाम निघालं. शाळेनं एका दुपारसाठी टॉकीजच घेतली. शो बंद, मशीन बंद. उर्वशी घरभर नाचली होती. "बाबा, आता तं तुमी खालीच बसान! माह्यासमोर!"

बसले ना. तिसऱ्या रांगेत. खुर्चीत मागे रेलून, हात पोटावर, पाय लांब सोडून. तिकडे तिची सोबतीण वाघाच्या तोंडात, आणि इकडे हे पोत्यासारखे पडलेले! साधी टाळी वाजवली नाही.

आणि आता?

आता रिनानं पहिली गिरकी घेतली, शिट्ट्या सुरू झाल्या आणि बाबा ताडकन उभे झाले. उर्वशीनं विंगेच्या फटीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मान ताठ, डोळे स्टेजवर खिळलेले, एक हात पुढे आलेला. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ धनराजभाऊ, बसा न खाली! आमाले बी पाहू द्या!" लोक खिदळले. बाबा बसले. पुन्हा शिट्टी वाजली, बाबा पुन्हा अर्धवट उठले.

उर्वशीनं पदर पुन्हा दातांत धरला. नागपूरचा लेहेंगा हिला. टिकल्या हिला. शिट्टी मारणारा बापही हिलाच. मग माझा बाप कशाला पाहिजे हिला अजून?

गॅदरिंग संपलं. बाबा स्टँडवरून गाडी काढत होते. उर्वशी तशीच आली, काजळीच्या तोंडानं, लुगडं गुडघ्याशी खोचून.

"चाल, बस. आई वाट पाहून राह्यली असन."

"रिनाले बसवा."

"आं?"

"तिच्यासाठी उभे झालते न तुमी? एक डाव नाई, दोन डाव! म्या पाह्यलं. अन् माह्या टायमाले झोपले होते." तिला रडायचं नव्हतं. पण काजळीतून एक ओघळ आलाच.

बाबा गडबडले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. अजयभाऊ दूर होते, रिनाचे फोटो काढत होते. बाबा हळूच म्हणाले, "कोणाले सांगशीन नाई न?"

"नाई."

"शिट्ट्या आयकू आल्या न, तं मले वाटलं, पिच्चर गेला."

"कोनता पिच्चर? मशीन तं बंद होती!"

"मेंदूले समजते व ते, पायाले कुठी समजते? लोकं आमाले शिट्टी कवा मारते? फोकस गेला, आवाज गेला, पडदा काळा झाला, तवाच. शिट्टी आली का उठ अन् धाव. उभा झालो, मशीन चाचपाले हात पुढं केला, तं हातात समोरच्या रांगेतल्या पोट्ट्याचं टकलं!"

उर्वशीला हसू फुटत होतं. तिनं ते दाताखाली दाबलं. एवढ्यात सोडायचं नव्हतं तिला.

"अन् माह्या टायमाले?"

किक मारायला उचललेला पाय बाबांनी खाली ठेवला.

"झोपलो नोतो व. तुह्या टायमाले सारे असे पाहून राह्यले, का कोणी हूं का चूं केलं नाई. इतक्या वर्सांत त्या हॉलमधी मी पयल्यांदा निवांत बसलो, पोरी."